नंबर धर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा ठाणे स्टेशनच्या पुलावर पिशवीतून पणजोबांचे कागद काढून तू विचारलंस, "काका, तीन कागदांवर तीन नावं. हा माणूस एकच होता ना?" गिरणीच्या पासवर धोंडू राघो, सातबाऱ्यावर धोंडीबा, रेशनकार्डावर धोंडिराम. एवढ्यानं हबकलीस होय? कारकुनाला जसं ऐकू आलं तसं नाव त्यानं लिहिलं. आकडा मात्र त्याला आकडा म्हणूनच लिहावा लागला. म्हणून नावामागे धावू नकोस, नंबर धर. मी उलटं केलं आणि वर्षं घालवली. त्यामुळे हा माझा हट्ट आहे असं समज.

पासवर तिकीट नंबर आहे, म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर, आणि खातं साचा आहे. म्हणजे पणजोबा विणकामात, मागावर होते. खाली पुसट शिक्का आहे, तो 'बदली' असावा. भिंगातून बघ. बदली कामगार म्हणजे कायम नव्हे. रोज गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तरच काम. 'पणजोबा चाळीस वर्षं गिरणीत होते' असं घरी सांगतात, पण त्यातले पगाराचे दिवस किती, ते या एका शिक्क्यानं बदलतं. आणि एक, खातं बदललं की तिकीट नंबर बदलायचा, जुना नंबर दुसऱ्याला जायचा. म्हणून नंबर एकटा टिपायचा नाही. गिरणी, खातं, तारीख, नंबर, चारही एका ओळीत. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढ आणि लॅमिनेशन करू नकोस, बाई! उष्णतेनं जुनी शाई बिघडू शकते आणि कागद परत सुटा होत नाही.

आता मुरबाडच्या जमिनीचे कागद. सातबाऱ्यात नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदींचे. एकेक धरून मागे जा. सगळ्यांत मोलाचा वारस फेरफार. त्यात मयताची तारीख, वारसांची नावं, नाती, बहुधा वयंही मिळतात. पणजोबांचं नावच दिसलं नाही तर रडत बसू नकोस. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटा मुंबईत मागावर, कागद थोरल्याच्या नावावर, हे घरोघर होतं. 1957 च्या आसपासचे फेरफार सावकाश वाच. त्या वर्षी 1 एप्रिलपासून कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, त्या जमिनीची मालक व्हायला लागली, बऱ्याच घराण्यांचं नशीब तिथे फिरलं.

जुने फेरफार महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख'वर मिळाले तर उत्तम. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज. अर्जात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार नंबर. नुसतं 'पणजोबांची माहिती मिळावी' लिहिलंस तर अर्ज परत येईल, आणि त्यात कारकुनाची चूक नाही. जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकही तिथेच माग. जुनी पानं मोडी लिपीत असतील. वाचणारा मिळेपर्यंत नक्कल घेऊन ठेव.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली 1 जून ही तारीख खरी धरू नकोस. ती मास्तरांची सोय. पण त्याच ओळीतला दाखल नंबर मात्र उतरवून घे. भावंडं मागच्या-पुढच्या नंबरांवर सापडतात.

घरात कोणी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी वारस म्हणून अर्ज केलाय का? ती फाईल आधी उघड. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे कागद, पीएफ, गिरणीचा दाखला एकाच पिनेत मिळायची शक्यता आहे. मग परळ-लालबागकडे गावकीची खोली, म्हणजे गावच्या मंडळींची सामायिक खोली, होती का ते बघ. तिथल्या वहीत कोण कधी आला, किती वर्गणी भरली, हे लिहिलेलं असे.

आजीला 'ते कसे होते' विचारू नकोस, 'फार चांगले होते' एवढंच ऐकायला मिळेल. कामाची पाळी कोणती, डबा कुठल्या खानावळीचा, मनीऑर्डर कोणाच्या नावानं यायची, हे विचार. आणि मनीऑर्डरची एखादी पावती ट्रंकेत निघाली तर फोन कर. तिच्यावरही नंबर असतो.

तुझा,
काका