घरच्या मीटरवर गाळा: चोरी नसली तरी आकारणी का?

प्रश्न: विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या सोसायटीत माझं पहिल्या मजल्यावर घर आणि तळमजल्यावर गाळा आहे. दोन्ही मीटर माझ्याच नावावर होती. भाडेकरूने बिल थकवलं म्हणून वीज कंपनीने गाळ्याचं मीटर काढून नेलं. पुढे पत्नीने तिथे शिवणक्लास सुरू केला, तेव्हा घरच्या मीटरवरून खाली वायर घेतली. तपासणी झाली, एक तात्पुरता आदेश आला, तो मी ठेवून दिला. आता १,८४,००० रुपयांचा अंतिम आदेश आला आहे. त्यावर ३ तारीख आहे, मला तो ११ ला मिळाला. वीज ग्राहकांच्या तक्रार निवारण मंचाने अर्ज घेतला नाही. इमारत तीच, मालक मीच, बिलंही वेळेवर भरतो, मग ही चोरी कशी? ग्राहक आयोगात जावं की हायकोर्टात? आणि एकाच इमारतीत मला पुन्हा दोन मीटर मिळतील का?

उत्तर: सध्या दोन्हीकडे जाऊ नका. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२७ खाली अपील करायला अंतिम आदेशापासून तीस दिवस मिळतात. कायद्याचे शब्द ‘आदेशापासून’ असे आहेत, ‘आदेश मिळाल्यापासून’ असे नाहीत. पाकीट ११ ला मिळालं म्हणून मुदत ११ पासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो आणि वकील तो करतातही, पण त्याच्या भरवशावर राहणं परवडणारं नाही. ३ तारखेपासून मोजा आणि पुढच्या महिन्याची १ तारीख हीच शेवटची समजा. तुमचं पत्र २२ चं आहे. म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इथलं उत्तर याच अर्थाची पत्रं पाठवणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आता चोरी. तुमच्या कागदावर कुणीही तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. चोरीचं कलम १३५, तुमच्यावरची कारवाई १२६ खाली, म्हणजे अनधिकृत वापराची. आदेशाच्या पहिल्याच ओळीत कलम छापलेलं असतं आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती ओळ वाचलेली नसते. १२६ च्या स्पष्टीकरणात २००७ च्या दुरुस्तीने पाचवा प्रकार घातला गेला: ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर आहे, त्या सोडून दुसऱ्या जागेसाठी वापर. तुमचं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे. मालक कोण, बिल भरलं की नाही, इमारत एक की दोन, हे त्यात विचारलेलंच नाही. घरच्या मीटरचा पुरवठा पहिल्या मजल्यावरच्या घरापुरता आहे. गाळा ही दुसरी जागा. शिवाय घरगुती दराची वीज क्लासला वापरली, म्हणजे चौथा प्रकारही, मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कारणासाठी वापर, मागोमाग आलाच.

तात्पुरता आदेश हाती पडला तेव्हा हरकत घेण्याचा आणि सुनावणीचा हक्क तुम्हाला होता. फुकट होता, वकीलही लागला नसता. तो कागद ‘ठेवून दिला’ हे वाचून मी डोक्याला हात लावला. मंचाने अर्ज घेतला नाही यात मंचाची चूक नाही. १२६ ची प्रकरणं त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच, उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशनच्या प्रकरणात, बंद केला. दिवाणी न्यायालयाला कलम १४५ आडवं येतं. हायकोर्ट बहुधा आधी अपील करून या म्हणेल, आणि ते ऐकायला किती तारखा जातील हे मुंबईत वेगळं सांगायला नको. मंचात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतील का? अपिलात मागणी जरूर करा, भिस्त मात्र ठेवू नका.

अपील कंपनीकडे नाही, राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागातल्या अपील प्राधिकाऱ्याकडे करायचं. त्याआधी निम्मी रक्कम, ९२,००० रुपये, रोख किंवा बँक ड्राफ्टने कंपनीकडे भरावी लागते. पावती जोडलेली नसेल तर अपील दाखलच करून घेत नाहीत. मधल्या काळात कुठल्या कागदावर ‘आकारणी मान्य’ अशी सही केली आहे का, तेही आठवा. संमतीने झालेल्या आदेशावर अपील चालत नाही. आदेशापासून तीस दिवसांनंतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १६ टक्के व्याज लागतं, दर सहा महिन्यांनी चक्रवाढीने.

आकारणी पूर्ण रद्द होईल असं मला वाटत नाही. कमी होऊ शकते. अनधिकृत वापर नेमका कधी सुरू झाला हे ठरवता आलं, तर तेवढ्याच काळाची आकारणी होते. ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरले जातात, आणि दर दुप्पट. तुमच्या आदेशात बारा महिने धरलेले असतील आणि क्लास त्या बारा महिन्यांत मध्येच कधीतरी सुरू झाला असेल, तर भांडायची जागा तीच. वायर ओढणाऱ्या इलेक्ट्रिशियनची चिठ्ठी, क्लासची जाहिरात, घरच्या बिलात युनिट एकदम वाढले तो महिना, हे सगळं जमवा. आणखी एक. तुमचा वापर मीटरमधून गेलेला आहे, म्हणजे त्या युनिटचे पैसे घरगुती दराने भरलेले आहेत. त्यांची वजावट मागा. हिशेबात शिलाई मशिनं आणि इस्त्री किती तास चालू धरली आहेत तेही तपासा.

ती वायर अजून तशीच असेल तर आजच काढा आणि काढल्याची पावती घ्या. हे केवळ कायद्यासाठी सांगत नाही. गाळ्याचं मीटर गेलेलं आहे, म्हणून मीटर-रूममध्ये सगळे त्याला बंद समजणार. आगीच्या वेळी अग्निशमनचा जवान किंवा दुरुस्तीला आलेला वायरमन त्याच समजुतीने हात घालेल आणि वायर जिवंत असेल. एका मीटरचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी जोडणीही अशा ओढाताणीत सर्रास होते. मग आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, सारखा ट्रिप होतो आणि कुणीतरी तोच काढून टाकतो.

राहिला शेवटचा प्रश्न. एका इमारतीत अनेक मीटर असायला काहीच हरकत नाही. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, प्रत्येक घर, प्रत्येक गाळा यांची वेगळी असतातच. उपनगरांत तर एकाच इमारतीत अदाणी आणि टाटा दोघांचे ग्राहक असतात. अट एवढीच की ज्याची वीज त्याच जागेत राहावी आणि वायरिंग कुठेही मिसळू नये. एकाच घरात युनिटचे टप्पे वाचवायला दुसरं मीटर मागाल तर बहुधा नकार येईल. तुमचा गाळा वेगळा आहे, वापर वेगळा आहे, त्यामुळे तिथे अडचण दिसत नाही. मात्र जुनी थकबाकी आधी भरावी लागेल. कनेक्शन तुमच्या नावावर होतं, म्हणून भाडेकरूकडे बोट दाखवून उपयोग नाही. त्याच्याकडून वसुली हा वेगळा दावा आहे आणि अनामत परत दिली असेल तर तो कठीण आहे. थकबाकी भरून, कागद पुरे करून अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर महानगरात, नवी वाहिनी टाकायची नसेल तर, जोडणीला तीन दिवसांची मुदत आहे. अर्ज बिगरघरगुती वापराचाच करा.