विचारा की! गाडीतच बिऱ्हाड घेऊन कोकणात

दिवाळी उरकली की आपल्याकडं कोकणात उतरायचे बेत सुरू होतात. यंदा बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, कॅम्परव्हॅन घेऊन किनाऱ्यानं फिरता येईल का? येतंय की, आणि छान येतंय. फक्त गाडीत घर असलं म्हणून कुठंही मुक्काम टाकता येत नाही, कोकणात प्रत्येक माडाखाली कुणाचीतरी वाडी असते, तेवढं ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

ताई, पौर्णिमेच्या रात्री अगदी वाळूतच व्हॅन लावून झोपायचा आम्हा मित्रांचा प्लॅन आहे. गुहागर नाहीतर तारकर्ली. काय तयारी करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

दादा, वाळूत गाडी घालूच नका. बघा काय होतं, कोळी लोकांचा एक जुना ढोबळ हिशोब आहे, तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ आणि पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, म्हणजे तुम्ही संध्याकाळी पाच-सहाला पोचणार तेव्हा नेमकी ओहोटी, किनारा लांबलचक मोकळा दिसणार, ओली वाळू टायरखाली टणक लागणार आणि तुम्ही खुशीत गाडी पार खाली नेणार. मग जेवून झोपलात की मध्यरात्रीच्या सुमाराला पाणी चढतं, आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण असल्यामुळं ते इतर दिवसांपेक्षा जास्त वर येतं. चाकाखालची वाळू लाटेनं निघाली की गाडी नुसती रुतत जाते, ट्रॅक्टर बोलवायचा तर रात्री कुणाला उठवणार? आणि खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये गेलं की गाडी आयुष्यभर त्रास देते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. गुहागर, वेळास, आंजर्ले इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं जातात, समुद्राकडची चमक बघून. तिथं तुमच्या व्हॅनचे एलईडी लागले असतील तर ती उलटीकडं चालायला लागतात. गाडीच्या चाकानं घरटं दाबलं जातं ते वेगळंच.

मग राहायचं कुठं? घरगुती मुक्कामाच्या सोयी किनाऱ्याच्या गावागावांत आहेत, त्यांच्या अंगणात. दुपारीच फोन करा, "काका, आमची झोपायची गाडी आहे, फक्त जागा, बाथरूम आणि रात्रीचं जेवण पाहिजे" असं सरळ सांगा आणि पैसे आधी ठरवा. बहुतेक जण हो म्हणतात, समुद्र चालत पाच मिनिटांवर असतो, आणि सोलकढी, ताजे मासे गाडीतल्या मॅगीपेक्षा कितीतरी भारी. पार्क करताना मान वर करून बघा, माडाखाली गाडी लावायची नाही, नारळ पडला की काच गेलीच म्हणायची. आणि भांड्याचं खरकटं पाणी, टॉयलेटची टाकी कुणाच्या वाडीत ओतायची नाही, एप्रिल-मेमध्ये तिथल्या बऱ्याच वाड्यांत पाण्याचे हाल असतात, त्या विहिरीवर आपण पाहुणे असतो.

आम्ही चौघं आणि सासूबाई. मिस्टर म्हणतात ट्रॅव्हलर घेऊन त्यात बेड, किचन सगळं बसवू. करू द्यावं का?
– एक वाचक, कराड

ताई, खर्चाआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मोठा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. सीटा काढून पक्कं फर्निचर ठोकलं आणि नोंद केली नाही, तर अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. एकदा भाड्यानं घेऊन बघा की, पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेऊ नका, ते बेकायदा आहे.

आणि मोठी गाडी कशाला? गावातले रस्ते दोन्हीकडच्या चिऱ्याच्या गडग्यांमधनं, म्हणजे दगडी कुंपणांमधनं, जातात, समोरनं एसटी आली की मागं घ्यायलाही जागा नसते. माझं मत विचाराल तर ईकोसारखी छोटी गाडी, आत काढता-घालता येईल असा प्लायचा बेड, दोघं गाडीत आणि सासूबाई-मुलं ज्यांच्या अंगणात गाडी लावाल त्यांच्याच घरातल्या खोलीत. सासूबाईंना रात्री दोनदा उठायला लागलं तर व्हॅनमधनं चढउतार करणं त्यांच्या गुडघ्यांना सोसणार नाही, याचा विचार आधी करा.

बॅटरीवर फ्रिज, पंखा, एसी चालेल का? आणि स्वयंपाक आतच करता येईल ना?
– एक वाचक, तासगाव

१२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॉट-तास. लिथियम असेल तर त्यातलं बरंचसं वापरता येतं, साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मंच धरा. २० वॉटचा पंखा रात्रभर चालला तरी १६० जातात, छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज चोवीस तासांत पाचशे-सहाशे खातो. एसीचं नावच काढू नका, तास-दीड तासात बॅटरी संपेल. पंखा, जाळी आणि खिडक्या उघड्या, डिसेंबर-जानेवारीत एवढं पुरतं.

स्वयंपाक मात्र बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठून राहतो आणि वास यायच्या आत ठिणगी पडू शकते. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं तर जिवावरचं आहे, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

साताऱ्याहून कुठला घाट सोपा? फेरीबोटीत व्हॅन जाते का?
– एक वाचक, सातारा

कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरा, चिपळूणवरनं गुहागर. घाटात दुसरा-तिसरा गिअर, सतत ब्रेकवर पाय नको, सामान भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून ढिले पडतात. पावसाळ्यात जाऊच नका, दरडी असतात. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या, तिथनं फेरीबोटीनं जयगड, पुढं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा तो सुंदर रस्ता. परत येताना रत्नागिरीहून आंबा घाट, कोल्हापूरमार्गे. बोटीत गाड्या जातात, पण निघायच्या आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगा, आणि पूर्ण ओहोटीला चढताना जपून, उतार तीव्र असला की लांब गाडीचा मागचा बंपर घासतो.