पेपरवर नावं किती?

प्रश्न: मुलगी फिजिक्सवाली, तिच्या पेपरवर शेकडो नावं असतात. धाकटा साहित्यात पीएचडी करतोय, तिथे त्याचं एकट्याचंच. मग खरं संशोधन कुणाचं म्हणायचं?

उत्तर: अहो, दोघांचंही! 2015 मध्ये हिग्ज बोसॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणाच्या वस्तुमानाचा पेपर आला त्यावर 5,154 नावं होती, 33 पानांपैकी 24 पानं नुसती नावं आणि संस्था, कारण डिटेक्टर (कण टिपणारं यंत्र) बांधणाऱ्यापासून डेटा तपासणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मेडिकलचं वेगळंच. 1948 चा स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग बघा, टीबीचे 107 पेशंट, कुणाला औषध आणि कुणाला फक्त विश्रांती हे बंद पाकिटातून ठरायचं, आणि एक्स-रे वाचणाऱ्यांना पेशंट कुठल्या गटातला हे कळूच द्यायचे नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं, डॉक्टरची आशासुद्धा निकालात शिरता कामा नये.

साहित्यात एकटा माणूस वर्षानुवर्षं पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या जुन्या प्रतींमधले फरक, जुळवत बसतो, पण तिथेही टीम असतेच की, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे असे पाठभेद तपासून तयार केलेल्या आवृत्तीचं काम अनेकांनी मिळून केलं, ते 1919 ला सुरू होऊन 1966 ला संपलं. तेव्हा नावं मोजू नका, पुरावा कसा तपासला ते दोघांनाही विचारा.