किल्ली हातात, इंजिन मात्र चालूच

प्रश्न: मिस्त्री काका, नमस्कार. मोहोळ तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. गेल्या महिन्यात माझी जुनी टर्बोवाली पिकअप घेऊन रात्री सोलापूरच्या मार्केट यार्डात आलो. रांग लागलेली, म्हणून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडेना. किल्ली काढून हातात घेतली तरी चालूच, वर आवाज आपोआप चढत गेला. निळसर पांढरा धूर इतका की मागचा ट्रॅक्टर दिसेना. कुणीतरी म्हणालं बॅटरीची वायर काढ. काढली, काही फरक नाही. तीन-चार मिनिटांनी खडखड करून आपोआप थांबलं. ऑइल मोजायच्या पट्टीवर टिपूस नव्हता. आठवड्यापूर्वीच ऑइल बदललं होतं. असं का झालं? पुन्हा झालं तर काय करू?

उत्तर: आधी एक सांगा, त्या वेळी बॉनेट उघडून इंजिनावर वाकून कोण उभं होतं? तुम्हीच असाल, तर सिद्धेश्वराच्या देवळात नारळ फोडून या, मग पुढचं वाचा. सुटलेल्या, म्हणजे ताब्याबाहेर वेग घेतलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला मी अक्कलकोट रोडला पाहिलाय. अशा वेळी इंजिनाच्या बाजूला उभं राहायचं नसतं.

आता कारण. पेट्रोलच्या गाडीत प्लगला ठिणगी लागते. करंट तोडला की खेळ संपला. डिझेलला ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला चालवून दाखवलं ते हेच: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून इंधन पेटवेल. सोळा-अठरा पट दाबलेली हवा 500 अंशांच्या वर जाते. म्हणजे डिझेल इंजिनाला जळायला काहीतरी आणि हवा, एवढंच पुरतं. तुमची किल्ली त्यातलं फक्त डिझेल तोडते. बॅटरी काढून काय होणार? झालंच तर अल्टरनेटर जळतो, तो खर्च वेगळा.

म्हणून पहिल्यांदा कान द्यायचा. किल्ली बंद केल्यावर इंजिन त्याच संथ चालीत चालू राहिलं, तर तो साधा आजार: डिझेल तोडणारी वस्तू काम करत नाही. आवाज चढत गेला आणि धूर निळा आला, तर इंजिन स्वतःचं ऑइल पीत आहे. तुमचं दुसरं.

साध्या आजाराचं आधी उरकतो. डिझेलच्या फिरत्या पंपाच्या गाड्यांत पंपावर बोटाएवढा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारी झडप, असतो. करंट असेपर्यंत डिझेलची वाट उघडी, करंट गेला की आतला खिळा खाली बसतो आणि वाट बंद. गाडी बंद होत नसेल तर त्याची वायर उपसून बघा. इंजिन थांबलं, तर दोष किल्लीच्या स्विचात किंवा वायरिंगमध्ये. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत कुणीतरी म्युझिक हॉर्नची वायर भलतीकडून जोडलेली असते आणि सोलेनॉइडला मागून करंट मिळत राहतो. वायर काढूनही थांबलं नाही, तर आतला खिळा घाणीने अडकलाय.

तुमच्या पिकअपकडे येतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, त्याचा दांडा ऑइलवर फिरतो. त्याची सील गेली, ऑइल परत खाली जाणारा पाइप तुंबला किंवा ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, चोंदला, की ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जातं. इंजिन ते डिझेलसारखं जाळतं, वेग वाढतो, वेग वाढला की टर्बो आणखी ऑइल ढकलतो. वेग आवरणारा गव्हर्नर काय करणार, त्याचा ताबा डिझेलवर, ऑइलवर नाही. ऑइल संपल्यावरच तुमचं इंजिन थांबलं. ऑइल बदलताना पट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतलं असेल तरी हेच होतं. 'जरा जास्त राहू दे, लांब जायचंय' म्हणणारे मालक मला रोज भेटतात. आणि न ओतताच पातळी वाढलेली दिसली, तर पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर पंपातून किंवा नोझलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

पुन्हा झालं तर पहिल्या चार-पाच सेकंदांत, आवाज चढायच्या आत, गाडी टॉप गिअरमध्ये टाका. पायातला ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. समोर माणूस नको. वेग फार चढल्यावर हे करू नका, क्लच घसरून जळतो आणि इंजिन तसंच. मग उरतो एकच उपाय, हवा तोडणे.

यावर माझी फजिती सांगतो. मी शिकाऊ होतो, उस्तादांचं गॅरेज होटगी रोडला. चादरीच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो दारातच सुटला. मी शहाणपणा करून एअर फिल्टरचा पाइप काढला आणि तोंडात हात पुसायचा कपडा कोंबला. कपडा क्षणात आत गेला. अख्खा. उस्तादांनी मला कॉलर धरून मागे ओढलं, ड्रायव्हरची चादर घेतली, चार घड्या घालून लाकडी फळीला गुंडाळली आणि फळी पाइपच्या तोंडावर दाबून धरली. दोन-तीन आचक्यांत इंजिन गप्प. चादर जाड विणीची, म्हणून फळी तोंडावर घट्ट बसली. नंतर त्या कपड्याच्या चिंध्या काढायला दोन दिवस लागले आणि माझा आठवड्याचा पगार गेला. तेव्हा हात नाही, सुटा कपडा नाही, सपाट आणि टणक वस्तू. जवळ कार्बन डायऑक्साइडचा आग विझवायचा सिलिंडर असेल तर त्याचा झोत हवेच्या वाटेत सोडा, तो उत्तम. सायलेन्सरमध्ये बोळा घालायच्या भानगडीत पडू नका, तो तोंडावर येईल. आणि इंजिन किंचाळायला लागलं असेल, तर माणसं लांब करा, स्वतः लांब व्हा. इंजिन दुसरं मिळतं.

दुरुस्तीत एक गोष्ट मिस्त्रीकडून करून घ्याच. नुसता टर्बो बदलून चालणार नाही. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याच्या पाइपांत ऑइल साचलेलं असतं. ते धुतलं नाही तर नवा टर्बो असूनही इंजिन पुन्हा सुटतं, आणि बोल मिस्त्रीला लागतो. परतीचा पाइप आणि ब्रीदर साफ करा. तुमचं इंजिन ऑइलविना फिरलंय, म्हणून चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, उतरवून बेअरिंग बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका. पुढे सवय लावा: पुणे हायवेने दामटत आलात की यार्डात लगेच किल्ली बंद करू नका, मिनिटभर संथ चालू द्या. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं, तिथूनच सगळं सुरू होतं.

प्रश्न: काका, आमच्या ट्रॅक्टरची स्टॉपची केबल तुटून सहा महिने झाले. मुलगा एअर क्लीनरच्या तोंडावर तळहात ठेवून बंद करतो. मला भीती वाटते. (पंढरपूर तालुका)

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे. पंपाच्या अंगाला छोटा लिव्हर असतो, केबल त्यालाच जोडलेली. तो ढकलला की ट्रॅक्टर बंद. केबल आणेपर्यंत लिव्हरला जाड तार बांधून सीटपाशी कडी करून घ्या. उद्याच. आणि एअर क्लीनर ऑइलच्या वाटीचा असेल, तर वाटीत ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं की तेच इंजिन ओढून घेतं, आणि मग तो लिव्हरही कामाचा नाही.

प्रश्न: विहिरीवरचं जुनं पाण्याचं इंजिन व्हॉल्व उचलायची कळ ओढून बंद करतो. चालतं का? (अक्कलकोट तालुका)

उत्तर: अडचणीत चालतं, रोज नाही. ती कळ हँडल मारताना इंजिन हलकं व्हावं म्हणून आहे. आधी डिझेलचा लिव्हर बंद करा आणि चाक थांबेपर्यंत थांबा. भर वेगात कळ ओढली की व्हॉल्व आणि तो दाबणाऱ्या रॉकरला मार बसतो. तुमच्या पत्रात टकटक आवाजाचं लिहिलंय, तो बहुतेक त्याचाच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, सेट करून घ्या.