वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपच्या दारांची कुलपे

प्रश्न : माझ्याकडे 1994 सालची डिझेलवर चालणारी फोर बाय फोर जीप आहे. मूळची कापडी दारे काढून मी दहा वर्षांपूर्वी बॉडीवाल्याकडून लोखंडी दारे आणि पक्के छत बसवून घेतले. सुटीच्या दिवशी आम्ही पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला जातो. गेल्या महिन्यात रामटेकला गाडी खाली उभी करून आम्ही गड पाहून आलो, तेवढ्या वेळात गाडीतील दुर्बीण आणि एक पिशवी चोरीला गेली. काच फुटलेली नव्हती, कुलूप तुटलेले नव्हते, दार मात्र नुसते लोटलेले होते. मेकॅनिक रिमोटचे सेंट्रल लॉकिंग बसवा असे सांगतो. त्याने दार सुरक्षित होईल काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : केवळ सेंट्रल लॉकिंगने होणार नाही, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. काच शाबूत आणि कुलूपही शाबूत असताना दार उघडले, याचा अर्थ चोराने बहुधा कुलपाला हातच लावला नाही. चावी जिथे फिरते त्या बॅरललाच आपण कुलूप म्हणतो. परंतु दार धरून ठेवण्याचे काम दाराच्या कडेला असलेले लॅच करते. बॅरल आणि लॅच यांना जोडणारी पातळ लोखंडी कांडी दाराच्या पोकळीतून जाते. काचेच्या रबरी पट्टीतून एखादी पट्टी आत सरकवून ती कांडी हलवता आली, तर बॅरल कितीही भारी असले तरी त्याचा उपयोग उरत नाही. सेंट्रल लॉकिंगची लहानशी मोटर याच कांडीला जोडलेली असते. ती कांडी बटणाने हलवण्याची सोय देते, कांडीचे रक्षण करत नाही.

म्हणून पैसे प्रथम कांडीच्या संरक्षणावर खर्च करावेत. दाराचे आतील पॅनेल काढून घ्यावे आणि कांडी व लॅच झाकेल असा दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा आतून बसवून घ्यावा. कांडी मोकळी फिरली पाहिजे, काच खाली येताना पत्र्याला घासता कामा नये आणि दारात शिरलेले पावसाचे पाणी बाहेर जाण्याची खालची भोके बुजता कामा नयेत. पॅनेल उघडलेच आहे तर कांडीच्या टोकांच्या प्लास्टिकच्या क्लिपाही बदलाव्यात. मागच्या उन्हाळ्यात एका स्नेह्याच्या जीपचे दार आम्ही उघडले, तेव्हा अशी एक क्लिप दोन बोटांत धरताच बिस्किटासारखी चुरली. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या नागपुरात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दारात याहून वेगळे काही होण्याची अपेक्षा धरता येत नाही. आपल्या दारांच्या काचा सरकत्या असतील, तर दोन्ही काचा जिथे एकावर एक येतात तिथे आतून बसणारी खिट्टी हवीच, कारण मूळ खटका बाहेरून काच हलवत राहिल्यास सुटू शकतो.

त्यानंतर दार नीट बसते काय ते पाहावे. बाहेर बनवून घेतलेली दारे खराब रस्त्यांवर हळूहळू खाली झुकतात. लॅचला दोन टप्पे असतात. झुकलेले दार पुष्कळदा पहिल्याच टप्प्यावर अडकते. ते बंद दिसते, पण पूर्ण बंद झालेले नसते. वर्तमानपत्राची पट्टी रबरात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. चारही बाजूंनी ती सारखीच घट्ट असली पाहिजे. एका बाजूने सहज निघाली तर आधी बिजागऱ्या सरळ करून घ्याव्यात आणि मग चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्यात लॅच अडकते तो भाग, सैल करून लॅचच्या मध्यावर आणावा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत अधिक दुर्लक्ष याच कामाकडे होते.

जीपच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असतात, हा या गाड्यांचा मूळचाच दुबळेपणा आहे. पिना वर ठोकून काढल्या की कुलूप लावलेले दारही बिजागरीच्या बाजूने बाहेर येते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा, की पिनेचे टोक हातोडीने चेपून पसरवावे आणि खांबाला एक जाड पोलादी खुंटी वेल्ड करावी, जी दार लागल्यावर दाराच्या कडेतील भोकात शिरते. मग पीन गेली तरी दार जागचे हलत नाही. बिजागरीच्या बोल्टांऐवजी कसल्यावर डोके तुटून पडणारे बोल्ट घालता येतात. मात्र पुढे दार काढायची वेळ आली तर ते ड्रिल करावे लागतील, हे मनात ठेवावे. मागच्या दारालाही हेच नियम लागू आहेत.

वेगळ्या चावीचे दुसरे कुलूप लावण्याचा मोह अनेकांना होतो. ते लावावे, पण माणसे आत असताना ते आतून चावीशिवाय उघडता आलेच पाहिजे. ओढ्यात किंवा उतारावर गाडी कलंडली, वायरिंगने पेट घेतला, तर चावी शोधायला वेळ मिळत नाही. या एका बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

एवढे झाल्यावर सेंट्रल लॉकिंग खुशाल बसवावे. त्याची तार स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी. दुर्बिणीसारख्या वस्तूंसाठी गाडीच्या तळाला आतून बोल्टने जखडलेली लोखंडी पेटी मला अधिक भरवशाची वाटते. गाडीच चोरीला जाईल अशी भीती असेल, तर केवळ बॅटरी तोडणाऱ्या स्विचवर विसंबू नये. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असेल, तर उतारावर ढकलून ते बॅटरीशिवायही सुरू होऊ शकते. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून गिअरचा दांडा जखडून ठेवणारे गिअर लॉक हवे. बॅरल बदलल्यास बिल आणि जुन्या व नव्या सर्व चाव्या जपून ठेवाव्यात, कारण चोरीचा दावा करताना विमा कंपनी चाव्या मागते.

प्रश्न : माझ्या जीपच्या कुलपात चावी अडकते. तेल घातले की आठ दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच. काय करावे?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : तेलच थांबवावे. मुरमाची बारीक धूळ तेलात मिसळून त्याचा लगदा होतो आणि चावीच्या दात्यांनी हलणाऱ्या बॅरलमधील पातळ पत्र्या त्यात रुततात. कार्बोरेटर क्लीनरने बॅरल धुऊन पूर्ण वाळू द्यावे आणि मग ग्रॅफाइटची पूड फुंकावी. ती इतवारीत लोहाओळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत विचारावी. ग्रीस लॅचला आणि बिजागऱ्यांना लावावे, बॅरलला कधीही नाही. एवढे करूनही चावी अर्धी बाहेर काढलेल्या स्थितीत फिरत असेल, तर पत्र्या झिजल्या आहेत असे समजावे. अशा कुलपाला दुसऱ्या गाडीची चावीही लागू शकते, तेव्हा बॅरल बदलूनच घ्यावे. बॅरल न बदलता नुसती नवी चावी करायची असेल, तर ती झिजलेल्या चावीवरून न कापता, घरात पडून असलेल्या मूळ दुसऱ्या चावीवरून कापून घ्यावी.