सॅन राफेल स्वेलला जा, पण आधी आभाळ बघा

तुम्ही विचारलंत, की ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यात जायचंय, झायन-आर्चेस या राष्ट्रीय उद्यानांतल्या रांगा नकोत, तिकीट नसलेली निवांत कॅन्यन हवीत आणि जमलं तर जीप भाड्याने घ्यायचीय. त्या भागातल्या कच्च्या रस्त्यांवर बरीच वर्षं धूळ खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच जागा निवडायची तर सॅन राफेल स्वेल. झायनला 2021 साली 50 लाखांवर लोक येऊन गेले. इथे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मला दुपारपर्यंत सहा गाड्या दिसल्या, त्यातल्या दोन गुरांच्या. स्वेल म्हणजे जमिनीला आलेला प्रचंड फुगवटा. वरचे थर झिजून गेले, कडेचे तिरपे उभे राहिले आणि पाण्याने मधून दऱ्या कापल्या. बहुतेक जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची (बीएलएम), म्हणजे सरकारी. गेट नाही, खिडकी नाही, तिकीट नाही.

कॅसल डेल गावात टाकी भरा. गावाच्या जरा उत्तरेला हायवे 10 वरून पूर्वेकडे कच्चा रस्ता फुटतो. तेरा-एक मैलांवर फाटा लागतो, तिथून दक्षिणेला सहा मैलांवर वेज ओव्हरलुक. पोहोचेपर्यंत काहीच दिसत नाही, नुसता माळ आणि जुनिपरची खुरटी झाडं. बाबा बहुधा विचारतील, 'हे बघायला आणलंस?' आणि मग एकदम जमीनच संपते. हजार फुटांच्या आसपास खोल दरी, तळाशी सॅन राफेल नदी सुतळीएवढी. लोक याला लिटल ग्रँड कॅन्यन म्हणतात. गाडी कड्याच्या जवळ नेता येते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनाही सोयीचं. कठडा मात्र नाही, लहान मुलं असतील तर हात सोडू नका. माझी आई फोल्डिंग खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत तासभर बसली होती. म्हणाली, "कोकणकडा पालथं पडून बघितला होता, हा बसून बघते."

परत फाट्यावर येऊन पुढे बकहॉर्न ड्रॉमध्ये उतरा. दोन्ही बाजूंना लाल भिंती हळूहळू उंच होत जातात आणि रस्ता पाणंदीसारखा मधून वळत राहतो. इथे घाई करू नका. रस्त्याला लागूनच बकहॉर्नचं चित्रपॅनेल आहे, पन्नास पावलंही चालावं लागत नाही. शंभर फुटांहून लांब भिंतीवर गेरूच्या रंगाच्या माणसाएवढ्या आकृत्या: खांदे रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या, बऱ्याचशांना हातच नाहीत. या शैलीला बॅरियर कॅन्यन शैली म्हणतात आणि ही चित्रं दोन हजार वर्षांहून जुनी मानतात. मधल्या काळात लोकांनी त्यावर नावं कोरली, रंगवली. युटा राज्याच्या शताब्दीच्या निमित्ताने 1990च्या दशकात ती खरडपट्टी जपून काढून चित्रं पुन्हा उजळवली. तरी जवळून बघितलंत तर खुणा दिसतातच. आपल्या किल्ल्यांवरचे 'अमुक लव्ह तमुक' आठवून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. चित्रांना हात लावू नका, बोटाच्या तेलाने रंग खराब होतो.

पुढे नदीवर 1937 सालचा झुलता पूल आहे. सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर या मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या पोरांनी बांधलेला. गाड्या आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात, जुन्यावर चालत जाऊन यायचं. तिथून तसंच दक्षिणेला गेलं की आय-70 लागतो. हायवे ते हायवे चाळीस-पंचेचाळीस मैल, पण दिवस पूर्ण धरा.

आता गंमत अशी, की या रस्त्याला कोरड्या हवेत जीप लागतच नाही. थोडी उंच गाडी असली की पुरे. आणि ओल्यात जीपही कामाची नाही. तिकडच्या अनेक रस्त्यांत बेंटोनाइटची माती आहे. पाणी लागलं की ती मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी चाकांना चिकटते, आतून वंगण लावल्यासारखी घसरते. हे मी वाचून सांगत नाही. दक्षिणेकडच्या कॉटनवुड कॅन्यन रोडवर रात्री सर पडून गेली, मी पहाटे 'फोर-व्हील आहे की' म्हणून गाडी घातली. दोन मैलांत मडगार्ड आणि टायरमधली जागा चिखलाने भरली, चाकं फिरायची थांबली. फोनला रेंज नव्हती. दुपारी तीनपर्यंत ऊन खात, चिवडा खात बसलो, मग माती वाळली आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून निघालो. टो-ट्रक बोलवावा लागला असता तर हजार-दोन हजार डॉलर सहज गेले असते. म्हणून आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दिवस बदला, आणि सकाळी बीएलएमच्या प्राइस इथल्या ऑफिसला फोन करून रस्त्याचं विचारा.

निरुंद घळींमध्ये तर डोक्यावर निळं आभाळ असलं तरी भरवसा नाही. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला पडला होता. लिटल वाइल्ड हॉर्स ही स्वेलमधलीच घळ फुकट आणि सुंदर आहे, पण आता लोकप्रिय झाली आहे. सकाळी आठच्या आत पोहोचलात तरच जा.

भाड्याच्या गाडीचं: विमानतळावरच्या बहुतेक कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असते, गाडीवर जीपचा बिल्ला असला तरी. मी एकदा न वाचता सही केली आणि एका फुटलेल्या टायरचे पैसे खिशातून भरले, विमा घेतलेला असून. मोआब गावात कच्च्या रस्त्यांसाठीच जीप देणारे आहेत, एक दिवस तिथून घ्या. स्टेपनी खरी आहे की नुसता रिपेअर किट, ते डिकी उघडून बघा. पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता लागला की टायरची हवा 35 वरून 25च्या आसपास आणा, दात वाजायचे थांबतात. पण परत डांबरावर हवा भरायला पंप हवा, तो सोबत ठेवा. नकाशे आधीच डाउनलोड करा, माणशी दिवसाला चार लिटर पाणी घ्या. आणि चाकोरी सोडून गाडी घालू नका. तिथे मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो तो जिवंत असतो, सूक्ष्मजीवांनी विणलेला. एका चाकाने मोडला की भरून यायला दशकं लागतात.

जीपची हौस भागवायचीच तर कॅपिटल रीफचा कॅथीड्रल व्हॅलीचा फेरा, साधारण 58 मैल. हे राष्ट्रीय उद्यान असलं तरी या भागाला तिकीट नाही. सुरुवातीलाच फ्रीमाँट नदी गाडीने ओलांडायची असते. पाणी जास्त वाटलं तर मुकाट्याने मागे फिरा. टेंपल ऑफ द सन आणि टेंपल ऑफ द मून हे दोन सुळके सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. दक्षिणेला उतरणार असाल तर व्हॅली ऑफ द गॉड्सचा 17 मैलांचा रस्ताही फुकट, आणि कोरड्यात साध्या गाडीलाही जमतो. त्याला लागूनच मोकी डगवे हा कच्चा घाट. 1950च्या दशकात युरेनियमचं खनिज वाहायला खोदला, 11 टक्के चढ, कठडे नाहीत. आईंना आतल्या बाजूला बसवा.

पीक-अ-बू आणि स्पूकी या अगदी अरुंद घळींचं नाव कुणी सुचवलं तर आई-बाबांसाठी नको. छाती आवळून आडवं सरकावं लागतं, आणि तिथेही हल्ली रांग असते.

स्वेलमधून आय-70 ला बाहेर पडल्यावर पश्चिमेला जायचं असेल तर पेट्रोलचा काटा बघून घ्या. ग्रीन रिव्हर ते सलाइना या दोन गावांमधल्या शंभराहून जास्त मैलांत एकही पेट्रोल पंप नाही, त्यामुळे अर्ध्याखाली असेल तर उलट्या दिशेने ग्रीन रिव्हरला जाऊन टाकी भरूनच निघा.