सोलापुरात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं काम अर्धवट सोडलंय, नगरसेवक दाद देत नाहीत. सामान्य माणसाने काय करावं?

सहा महिने नगरसेवकाकडे खेटे घालताय असं तुम्ही लिहिलंय. ते आधी बंद करा. तिथे "बघतो, सांगतो" यापलीकडे हाती काही लागत नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तर आम्हाला खेटे घालायलाही कुणी उरलं नव्हतं. आमच्या गल्लीचं काम नेमकं त्याच काळात झालं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी आहे. राहायला पूर्व भागात. गल्लीत अर्धी घरं तेलुगू, चार-पाच कन्नड, बाकी आम्ही. ड्रेनेजची नवी लाईन आली आणि गल्लीच्या मध्यावर येऊन थांबली. पुढे जुनं उघडं गटार तसंच. तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, ते आलं की पहिली दहा मिनिटं नळाला काळपट, वासाचं पाणी. बायका बादल्या भरून तेवढं ओतून द्यायच्या आणि मग घागरी लावायच्या. लहान पोरांची पोटं बिघडायची. सगळे ठेकेदाराला शिव्या घालायचे आणि पुढच्या पाण्याची वाट बघायचे.

माझा थोरला भाऊ यंत्रमाग कामगार, जन्मभर लाल बावट्यात. तो म्हणाला, "मोर्चा काढा. सोलापूर 1930 च्या मार्शल लॉचं, इंग्रजांशी भिडलेलं गाव हाय, हितं कागदानं कुणाचं भलं झालंय?" मला ते तेव्हाही पटलं नाही. सरकारी पैसा कागदाशिवाय हलत नाही, मग तो कागद आपण का बघायचा नाही?

दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत महापालिकेसारख्या कार्यालयांत नागरिकाला फाईल बघू द्यायची, असं राज्य शासनाने 2018 साली ठरवून दिलंय. त्या परिपत्रकाची प्रत घेऊन मी गेलो. कार्यालय कुठलं आणि ठेकेदार कोण ते इथे लिहीत नाही. क्लार्कने प्रत दोनदा वाचली, साहेबांना विचारून आला आणि फाईल समोर ठेवली. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, जिला तिथे सगळे एमबी म्हणतात. वीस वर्षं खतावण्या लिहिलेला माणूस मी, माझा डोळा थेट एमबीवर गेला. लांबी 96 मीटर, चेंबर 7. खाली सह्या, आणि बिल निघालेलं.

घरी येऊन गवंड्याकडून टेप आणला. शेजारच्या अक्कांनी एक टोक धरलं. त्या विड्या वळतात. कारखान्यात विड्या मोजून घेताना हजारामागे किती बाजूला काढतात हे त्या आयुष्यभर बघत आल्यात, त्यामुळे मोजमापात मारलेलं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येक चेंबरपाशी मी खडूने आकडा टाकत गेलो. एक, दोन, तीन, चार. चौथ्याच्या पुढे गटार. माप 58 मीटरवर संपलं. अक्का टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाकीचे तीन कुठं गेले?"

माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एमबीची प्रत घेतली आणि तक्रार अर्ज दिला. तीन आठवडे काहीच झालं नाही. मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला गेलो, तिथे साहेब लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात. या वेळी अक्का आणि गल्लीतल्या आणखी दहा बायका बरोबर होत्या. दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. साहेबांनी विचारलं काय तक्रार आहे. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "तुमच्या वहीत सात हाय, आमच्या गल्लीत चार." त्याच आठवड्यात कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला. माणूस सरळ होता, मोजलं आणि जागेवरच लिहून घेतलं. महिन्याभरात उरलेली लाईन पडली. आता नळाचं पाणी पहिल्या मिनिटापासून भरता येतं.

भाऊ काय म्हणाला माहितीये? "अकरा बाया गेल्या म्हणून झालं. म्हणजे मोर्चाच की." आजही आमचं यावरून वाजतं. मी त्याला सांगतो, त्या अकराजणी "न्याय द्या" म्हणत गेल्या असत्या तर निवेदन घेऊन, चहा पाजून परत पाठवलं असतं. त्या दोन आकडे घेऊन गेल्या, आणि ते दोन्ही खोडता येण्यासारखे नव्हते. तो 1930 चा मार्शल लॉ काढतो तेव्हा मी हेही सांगतो की इमारतीवर तिरंगा लावला तो याच सोलापूरच्या नगरपालिकेने, 6 एप्रिल 1930 ला. आपल्या गावात नगरपालिका म्हणजे फक्त दगड मारायची जागा नव्हती.

एक मात्र त्याचं मान्य करायला हवं. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती लाल बावट्याच्या संघटनेने वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून. ते माझ्या टेपने झालं नसतं. जे मंजूरच नाही त्यासाठी रस्त्यावर यावंच लागतं. तुमचं काम मंजूर झालंय, पैसेही पडलेत, म्हणून तुम्हाला फाईलीकडे पाठवतोय. आणि एकट्याने जाऊ नका. मी एकटा गेलो ते तीन आठवडे वाया गेले.

नगरसेवकाकडे काही मागायचंच असेल तर क्षेत्रसभा मागा. 2009 पासून ती महापालिका कायद्यात आहे, प्रभागातल्या मतदारांनी बसून कामं सांगायची असतात. आमच्याकडे एकही झालेली मला आठवत नाही. मागितलीही कुणी नव्हती, मीसुद्धा नाही.

सोमवारी जाण्याआधी गल्ली मोजून ठेवा, म्हणजे एमबी समोर आल्या आल्या फरक दिसेल. कार्यारंभ आदेशात दोष दायित्वाचा काळ, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती लिहिलाय तेही बघा आणि तो संपायच्या आत अर्ज द्या. अर्जाची पोच घेताना शिक्का आणि तारीख दोन्ही आहेत ना, ते खिडकीपाशीच तपासा. माझ्या पहिल्या पोचेवर तारीख नव्हती, त्यासाठी परत एक खाडा करावा लागला.